आईने बघून ठेवलेली खोली

धाकटी बहीण राहायला जाईपर्यंत रेगेन्सबुर्ग हे गाव जर्मनीत नक्की कुठे आहे, हे मला माहीत नव्हतं. नंतर मात्र त्या गावातली एकूण एक स्वस्त खोली माझ्या ओळखीची झाली. अमेरिकेत नोव्हाय गावातल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कॉम्प्युटर होता. ऑफिसमधून आले की कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत हॉटेलं शोधायची, असं माझं चाललं होतं. डॅन्यूब नदी, तिच्यावरचा जुना दगडी पूल, दोन मनोऱ्यांचं कॅथीड्रल, हे सगळं मी भराभर खाली सरकवायची आणि एकच गोष्ट बघायची, लिफ्ट आहे की नाही. बहुतेक ठिकाणी नव्हती. गाव फार जुनं, त्यामुळे परवडणारी खोली म्हणजे अरुंद लाकडी जिना आणि वर माळ्यासारखी जागा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्याचं कौतुक. माझ्या आईचे गुडघे कामातून गेलेले होते.

मी आईला सहा वर्षं पाहिलं नव्हतं. तिला अमेरिकेचा व्हिसा मुंबईत दोनदा नाकारला गेला. नवरा गेलेला, नावावर घर नाही, तुम्ही परत जाल कशावरून, असं खिडकीपलीकडच्या माणसाने विचारलं. आई म्हणाली, "तुमच्याकडे राहून मी करू काय?" ते अगदी खरं होतं, पण त्याला ते पुरलं नाही. इकडे आमचं ग्रीन कार्ड लटकलेलं. देशाबाहेर पडलात तर परत आत घेतील याची खात्री मी देणार नाही, असं वकिलाने बजावलं होतं. नवऱ्याची गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीतली नोकरी, मुलीची शाळा, सगळं त्या एका वाक्याला टांगलेलं होतं. आम्ही हललो नाही.

मग बहिणीला दिवस गेले आणि बाळंतपणासाठी आई नागपूरहून जर्मनीला गेली. तीन महिन्यांचा व्हिसा. त्याच सुमाराला वकिलाने सांगितलं, की बाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचा वेगळा कागद मिळतो, त्याचा अर्ज करू. त्या कागदाचं नाव ॲडव्हान्स पॅरोल.

"पॅरोल म्हणे," नवरा म्हणाला. "चांगली वागणूक म्हणून सोडतायत तुला."

"अहो, सोडू तर द्या आधी."

मला नोकरीतून सलग आठवडाभरच सुट्टी मिळणार होती. तेवढ्यात नागपूर होत नाही, जर्मनी होतं. कागद आला की जर्मनीचा व्हिसा काढायचा, त्यासाठी हॉटेलचं बुकिंग दाखवायचं, म्हणून हॉटेल आधी ठरवायचं. बहिणीच्या दीड खोलीच्या घरात ती, तिचा नवरा, बाळ आणि आई. तिथे मी कुठे पथारी पसरणार? आणि खरं सांगायचं तर मला आई आठवडाभर माझ्या खोलीत हवी होती. बाळाच्या दुपट्यांमधून सवड काढून भेटणारी नको होती.

हॉटेल निवडताना मी पहिली चूक आपल्या लोकांसारखीच केली. इथे मोटेलमध्ये खोलीचं भाडं भरलं की आत दोन माणसं झोपली काय आणि पाच झोपली काय, कोणी विचारत नाही. आम्ही सगळ्यांनीच नायगारा तसा केलेला आहे, मुलांना मागच्या दाराने आत घेऊन. मी एकीची खोली पसंत केली आणि आई आपली भेटायला येईल, असं मनात धरलं. मग कळलं, की तिकडच्या छोट्या हॉटेलांत भाडं माणशी असतं आणि मालकीण सकाळी नाश्त्याला डोकी मोजते. ते गणित मी निमूट बदललं.

दुसरी चूकही आपलीच, पण ती मला तेव्हा चूक वाटली नाही. पाहिल्याशिवाय खोलीचे पैसे द्यायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत. वडील पाटबंधारे खात्यात होते. बदली झाली की घर मिळेपर्यंत आम्ही कधी विश्रामगृहात, कधी धर्मशाळेत उतरायचो. आम्हाला ट्रंकांवर बसवून आई एकटी पुढे जायची. कडी आतून लागते का, नळ सोडल्यावर पाणी येतं की नुसती हवा, गादीला वास येतो का, हे सगळं बघून यायची आणि मग लांबूनच हात करायची. तिने हात केला नाही, तर वडीलही ट्रंक उचलायचे नाहीत.

म्हणून एका रविवारी सकाळी मी तिला फोनवर म्हटलं, "आई, पुलाजवळ एक गेस्ट हाउस आहे. तुमच्या घरापासून लांब नाही. जरा बघून येशील का?"

"काहून नाही?" आई म्हणाली. तिचा आवाज एकदम तरतरीत झाला. "ही पोरगी बाळाला घेऊन झोपते दुपारची. मी काय भिंती बघत बसू? जाऊन येते."

बहिणीने फोन घेतला. "ताई, कशाला तिला कामाला लावतेस?"

"तिला आवडतं ते. तू झोप काढ."

बाळ रडायला लागलं म्हणून फोन ठेवला.

पुढच्या रविवारी आईने अहवाल दिला. खोली तळमजल्यावर आहे, जिना नाहीच. मागच्या बाजूला नदी दिसते. पाणी भरपूर. दोर बांधलाय, कपडे वाळतील. बाई स्वभावाने बरी वाटते, सकाळी गरम पाण्याची बादली दाराशी आणून ठेवते.

"बादली?" मी विचारलं.

"मग काय घागर आणेल? तुझं आपलं काहीतरीच."

मी हसले. बाथरूम बाहेर असेल, असं धरून चालले. जुनं गाव, जुनी इमारत, असेल काही पद्धत.

त्याच्या पुढच्या रविवारी ती पुन्हा जाऊन आली होती. या वेळी तिने पलंगही बघितले. "दोन आहेत. मधे जागा आहे, पण मी जोडून घ्यायला सांगितलेत. तू रात्री लोळतेस. आणि हे बघ, खिडकीचा एक गज निघालाय. मी येताना सुतळी घेऊन जाईन, बांधून टाकू."

"तिथल्या खिडक्यांना गज कुठे असतात आई?"

"मी बघितलं की तू बघितलं?"

मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, खिडकीबाहेरच्या लाकडी झडपांची एखादी पट्टी निखळली असेल आणि ती तिला गज म्हणत असेल. आई नव्या वस्तूला जुनंच नाव देते. मिक्सरला ती अजून यंत्र म्हणायची. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे असं काहीतरी उत्तर होतं.

नवऱ्याने विचारलं, "झाली का पसंत खोली?"

"झाली. आईने बघितली."

"मग प्रश्नच मिटला." सासूच्या पारखीवर त्याचा माझ्याहून जास्त विश्वास होता.

मालकिणीला इंग्रजी फारसं येत नव्हतं. आमची मुलगी हायस्कूलमध्ये जर्मन घेत होती, तिला मी ईमेल लिहायला बसवलं. नदीकडची तळमजल्यावरची खोली, जी माझी आई दोनदा येऊन बघून गेली, तीच आम्हाला हवी. पलंग जोडून ठेवावेत.

"आई, धिस इज सो एम्बॅरसिंग. पलंग जोडून कोण मागतं?"

"तुझी आजी मागते. लिही."

दोन दिवसांनी उत्तर आलं. मुलीने ते एकदा मनात वाचलं, मग माझ्याकडे न बघता सांगायला लागली. "शी सेज, तळमजल्यावर खोल्या नाहीत. देअर इज अ शॉप. चपलांचं. आणि तिच्या विंडोजमधून नदी दिसत नाही. अँड नोबडी केम. शी इज देअर एव्हरी डे. ती म्हणते, तुमची आई दुसऱ्या कुठल्या हॉटेलात गेली असेल, आय ॲम सॉरी."

"परत वाच."

तिने परत वाचलं. तेच होतं.

मी उठून भाजी ढवळली. नळ, दोर, बादली, नदी, निघालेला गज. ते रेगेन्सबुर्गमध्ये नव्हतंच. ते भंडाऱ्याच्या अलीकडे वैनगंगेवरचं पाटबंधाऱ्याचं विश्रामगृह होतं. मी तेव्हा लहान होते, बहीण जन्मायची होती. निघालेल्या गजातून मी डोकं बाहेर काढते म्हणून आईने तिथे सुतळीची जाळी विणली होती. चौकीदाराची बायको रोज गरम पाण्याची बादली आणायची. आईने मला एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. तिने सगळं नीट बघून सांगितलं होतं, फक्त चाळीस वर्षांपूर्वी बघितलेलं.

मी बहिणीला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे काहीतरी झालंय हे तिने उचलल्या उचलल्या ओळखलं.

"आई गेली होती का कुठे खोली बघायला?"

"ताई, इतक्यात ती जिना उतरून खालीच गेलेली नाही. मी दाराला आतून कुलूप लावते."

"कधीपासून?"

"बाळ झाल्यावर लगेच. एकदा निघून गेली. पोलिसांनी आणून सोडलं, अंगात स्वेटरसुद्धा नव्हता. हा कोण, म्हणून विचारते माझ्या नवऱ्याला. बाळाला मी कुणाचं उचलून आणलंय, असं वाटतं तिला. मी अंघोळीला गेले तरी भीती वाटते."

"आणि हे मला सांगायचं नव्हतं?"

"काय सांगू? तू कशी येणार होतीस? फोनवर तुझ्याशी ती चांगली बोलायची गं. खोलीचं निघालं की अगदी पूर्वीसारखी. मीच तिच्याजवळ बसून ऐकायचे. म्हटलं, तू येईपर्यंत चालू राहू दे."

ती रडायला लागली. मला रडायला वेळ नव्हता, मला तारखा हव्या होत्या. तेव्हा तिने उरलेलं सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या ओळखीचं एक कुटुंब पुढच्या आठवड्यात मुंबईला चाललं होतं. आईला त्यांच्याबरोबर पाठवायचं ठरलं होतं. मुंबईहून भाऊ तिला नागपूरला नेणार होता. एकटीला विमानात बसवणं आता शक्य नव्हतं आणि सोबत पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"मी येईपर्यंत थांबव," मी म्हटलं.

"थांबवते. तुझा कागद कधी येतोय?"

हा प्रश्न तिने टोमणा म्हणून विचारला नव्हता. तिला खरंच तारीख हवी होती. माझ्याकडे ती नव्हती. मी वकिलाच्या ऑफिसात फोन केला, तिथल्या बाईने अर्ज प्रक्रियेत आहे असं सांगितलं. घरात आजारी माणूस असलं तर घाई करता येते का, असं मी विचारलं. डॉक्टरांचं पत्र आणा, इंग्रजीत, ती म्हणाली. जर्मन डॉक्टरांची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळत होती.

नवरा म्हणाला, "तशीच जा. जे होईल ते बघू."

"परत आत घेतलं नाही तर?"

आमची मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तोही तिच्याच दाराकडे बघत होता, मीही. विषय तिथेच संपला. मला त्याचा राग आला नाही. त्याने मला अडवलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

ठरलेल्या दिवशी आई त्या कुटुंबाबरोबर गेली. बहिणीने सांगितलं, की विमानतळावर ती शहाण्यासारखी चालली, फक्त पुढे जाऊन सामान ठेवायची जागा बघून येते म्हणत होती आणि तिला धरून ठेवावं लागलं.

मी हॉटेल कॅन्सल केलं. मालकिणीचं उत्तर लगेच आलं. पैसे घेणार नाही, तुमच्या आईला दुसरी चांगली खोली मिळाली असेल अशी आशा आहे. मुलीने विचारलं, काही लिहू का? मी म्हटलं, नको.

कागद आला तेव्हा बर्फ वितळायला लागलं होतं. इतर टपालातच होता, किराणा दुकानाच्या कूपनांच्या मधे. माझा फोटो, शिक्का, एका वर्षाची मुदत. मी तो हातात धरून उभ्या उभ्याच नागपूरला फोन लावला. जर्मनीत आता आई राहिली नव्हती, पण नोकरी सोडून नागपूरला जाता येईल, असं मी बोलायचं ठरवलं होतं. भावाशी बोलायचं होतं. फोन आईने उचलला.

"आई, मी बोलतेय. मला परवानगी मिळाली. मी येऊ शकते आता."

"हो का? बरं झालं." आवाज चांगला होता, खणखणीत. मला क्षणभर वाटलं, बहीण-भावाने मला उगीच घाबरवलंय.

"ओळखलंस ना?"

"हो तर," ती म्हणाली. तिने एवढ्या अदबीने म्हटलं, की मला कळलं. "पण आत्ता घरचे सगळे बाहेर गेलेत. संध्याकाळी करता का?"

मागून वहिनीचा आवाज येत होता, कोण आहे हो, कोण आहे? आईने फोन नीट जागेवर ठेवला.

नवरा दारातून आत येत होता. त्याने माझ्या हातातला कागद बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "केलास का फोन? काय म्हणाल्या?"

"घरी कोणी नाही म्हणाली."