निळ्याला जोर जादा लागतो

दिवा हातात आला की बाई आधी त्याचे पाय चाचपायच्या. हरभऱ्याएवढा एलईडी, खाली तारेचे दोन पाय, एक लांब, एक आखूड. "लांब पाय प्लसला. उलटा लावला तर जळत न्हाई, पेटत बी न्हाई. नुसता गप बसतो," असं म्हणून क्लासच्या साहेबांकडं बघायच्या. तुम्हीही बघितलं असतं.

कोपरगावात स्टँडजवळच्या कॉम्प्युटर क्लासात बाई मशीन जोडायच्या, मी हिशेब शिकवायचो. मी बी.कॉम., आमच्या घरातला पहिला. त्या आयटीआय, त्यांच्या आळीतल्या पहिल्या. आम्हा दोघांनाही मान खाली घालायची सवय कुणी लावलेली नव्हती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सुटे भाग जमवून बाईंनी स्वतःचा कॉम्प्युटर जोडला. पेटी कपाटवाल्याकडून पत्र्याची करून घेतली आणि दर्शनी बाजूला दोन भोकं पाडली. त्यांत जयंतीच्या झेंड्याचा निळा रंग पाहिजे होता. निळा एलईडी नगरला मिळेना. "लाल घ्या, हिरवा घ्या," दुकानदार म्हणाला. बाईंनी लाल दिव्याला निळं नेलपॉलिश लावलं. उजेडच गेला. मी हसलो.

"हसा, सर. लाल वरनं रंगवून निळा व्हत न्हाई, येवढं तर कळलं."

शेवटी मुंबईहून दोन निळे आले. लाल दिव्याच्या अंदाजानं पाच व्होल्टच्या वायरीवर एकामागं एक जोडले, ते पेटेनात. मग बाईंनी बारा व्होल्टची पिवळी वायर घेतली, वीज आवरणारा रेझिस्टर बदलला, आणि दोन्ही लखलखले.

"निळ्याला जोर जादा लागतो, सर. आमच्यावानी."

क्लासच्या नव्या जागेचं उद्घाटन होतं. साहेबांना बाईंचाच कॉम्प्युटर पुढं मांडायचा होता. सकाळी दिवे बघून म्हणाले, "मॅडम, हा कॉम्प्युटर आहे का वरात? आणि निळाच कशाला? मोठे पाहुणे यायचेत. हिरवे लावा."

"वरातच हाय, साहेब. आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर हाय. मांडायचा तर निळ्यासकट."

साहेबांनी दिव्यांवर चिकटपट्टी लावली. बाईंनी ती सोलली, गोळी केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला, आत्ताच निघते."

त्यांनी वायरी काढल्या, पेटी पोटाशी धरली. मॉनिटर मी उचलला. माझीही नोकरी तिथंच होती, पण मॉनिटर जड होता.

दारात पाहुणे भेटले. "हाच का तो नवा कॉम्प्युटर?"

"ह्योच. पन घरी चाललाय. जरा वाट द्या."

पाहुणे अंग चोरून बाजूला झाले.

पुढं बाई पुण्याच्या कंपनीत लागल्या. नंतर गाठ नाही. पण त्या दुपारी त्यांच्या घरी पेटी सुरू झाली, तेव्हा त्यांच्या आई बराच वेळ त्या दोन निळ्या दिव्यांकडं बघत राहिल्या.

"ह्ये दिवं बंद कुठनं करायचं गं?"

"त्यास्नी बटन न्हाई ठिवलं, आये."