पोचट

"पोचट आहे ती, पोचट! वर्षभर पुस्तकं उघडून बसली, आणि शेवटी काय?" सासूबाईंचा आवाज चढला.

"दोनच विषय गेलेत, आई," सुनेने पोळी लाटता लाटता म्हटलं. ती नुकतीच कामावरून आली होती; चप्पल काढली आणि थेट ओट्याशी उभी राहिली.

"दोनच म्हणे! बादली गळायला लागली की भोकं मोजत बसतात का?"

नवऱ्याने पेपरची घडी घातली. "नर्सिंग सोडवू. धाकट्या काकाच्या दुकानात बसेल. घरचं माणूस त्यालाही हवंच आहे."

मुलगी दाराच्या चौकटीचा रंग नखाने खरवडत उभी होती.

पोचट म्हणजे टरफल शाबूत, आत दाणा नाही. एवढाच अर्थ. पण सासूबाईंच्या तोंडी चहा पोचट, शेजारणीचं रडणं पोचट, जावयाचा नमस्कारही पोचट. लग्नानंतर सून उलट बोलत नाही म्हणून तीही पोचट ठरली होती. स्वतःच्या मुलाला मात्र त्यांनी हा शब्द कधी लावला नाही. त्याचं "बघू, करू" ऐकत घरातल्या नळाला गंज चढला, तरीही.

सुनेचं पोट याच शब्दावर चालत होतं. बियाण्यांच्या गोदामात टाकीत बी ओतायचं, तरंगेल ते पोचट म्हणून जाळीने काढायचं. नवी होती तेव्हा तिने ओतल्या ओतल्याच वरचं सगळं काढून उकिरड्यावर नेऊन टाकलं. मुकादमबाईने कपाळावर हात मारला. "अगं, कोरडं बी आधी तरंगतंच! ढवळ, पाणी पिऊ दे, मग काय ते ठरव."

हे घरात सांगावंसं तिला वाटलं. पण पाय भरून आले होते, आणि ऐकायचं कुणी?

"आई, राहू दे," मुलगी हळूच म्हणाली. "बसते मी दुकानात. नाहीतरी संध्याकाळी भाकऱ्या-भांड्यांत अभ्यास होतच नाही."

सुनेचं लाटणं थांबलं. ती कामावर असायची तेव्हा घर कोण ओढत होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज पहिल्यांदाच कुणी ते बोललं.

तिने गॅस बंद केला. अर्धी कणीक परातीत तशीच राहिली.

"ती परीक्षा परत देणार आहे," ती म्हणाली. "उद्यापासून संध्याकाळचं तुम्ही दोघांनी बघायचं. ती अभ्यासाला बसेल. आणि मी कामावरून आले की आडवी होणार."