मामांची दोन इंजिनांची नाव आणि तापीपलीकडची वरात

मामांचं पत्र आलं तेव्हा मी कराचीला, कियामारीच्या धक्क्यावर, साहेबाच्या लाँचच्या पोटात उताणा पडून नट आवळत होतो. यादवमामा पत्रात पाल्हाळ लावत नाहीत. लिहिलं होतं, "इंदूचं लग्न ठरलं. वरात मोटारनावेतून आणतो असं व्याह्यांना सांगून बसलो आहे. नाव चालत नाही. निघून ये."

आता या नावेचं सांगतो. एका संस्थानाच्या तलावात राजेसाहेबांना बदकांच्या शिकारीला फिरवायला ही लाँच आणली होती. दोन इंजिनं, मध्ये काचेच्या खिडक्यांची खोली, आत मखमलीचे बाक. राजेसाहेब गेले, शिकार संपली, नाव म्हातारी झाली आणि लिलावात निघाली. आमच्या मामांची केळीची नि कापसाची शेती. नावेशी संबंध एवढाच की जैनाबादेत राहून बुऱ्हाणपूरला जायचं तर तापी ओलांडावी लागते. तेवढ्यावर मामांनी ती घेतली! रेल्वेच्या उघड्या डब्यावर घालून आणली, स्टेशनापासून नदीपर्यंत बैलगाड्या जुंपून ओढली. मामी तेव्हापासून तिला 'सवत' म्हणतात.

मी निघालो. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मी तिसरीतून शाळा सोडली तेव्हा घरात सगळ्यांनी हात टेकले होते. मामांनीच मला जिनिंगच्या कारखान्यात इंजिनावरच्या मिस्त्रीच्या हाताखाली लावलं. आज कराचीत चार माणसं मला मिस्त्री म्हणतात, ते मामांमुळे.

कराचीच्या आपल्या मंडळींपैकी कुणाला तिकडे जायचं असेल तर मुंबईपर्यंत बोटच बरी. डेकचं तिकीट स्वस्त पडतं, पण अंथरूण आणि खाणं आपलं आपण न्यावं. बोटीवर मिळतं ते फार तिखट तरी असतं नाहीतर शिळं. लिंबाचं लोणचं जवळ असू द्या, पोट ढवळलं की कामाला येतं. मुंबईत न रेंगाळता मी थेट खांडव्याकडची गाडी धरली. भुसावळला डब्यात केळ्यांचे घड चढले, त्यांच्या मागून आपली बोली चढली आणि मला बरं वाटलं. समोर बसलेल्या बाईनं विचारलं, "कुठी चालला रे भाऊ?" कराचीत कुणी मला असं विचारत नाही.

बुऱ्हाणपूरचं स्टेशन गावापासून लांब आहे, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावं. टांगेवाला आधी ठरवून घ्या. टांगा बुधवाऱ्याच्या बाजारात शिरला. तिथे मी जिलेबी घ्यायला उतरलो. इथली जिलेबी मैद्याची नसते, माव्याची असते, काळसर आणि चांगली जाड. ती गरमच खावी. नदीवरच्या राजघाटाला जायचं ठरलेलं, त्यात हातातला पुडा बघून टांगेवाला बोलला, "जैनाबादले चालले का? त्या मोटारनावेवाल्यांकडे?"

"हो. का?"

"काही नी. परवा मधातच बंद पडली. दोन डोंगे लावून ओढत नेली. पूरा घाट हसत होता."

गोड जिलेबी तोंडात तशीच राहिली.

राजघाटावर मामा घ्यायला आले होते. धोतर, डोक्याला फेटा आणि हाताला इंजिनाचं काळं तेल. मला पोटाशी धरलं, माझा सदराही काळा झाला. नदीच्या पात्रातल्या दगडी हत्तीच्या पलीकडे, डोहात, नाव उभी होती. खरं सांगू, मी प्रेमातच पडलो. रंग उडालेला, पितळेच्या कड्या हिरव्या पडलेल्या, एक काच जाऊन तिथे पत्रा. तरी तिची मान अशी ताठ, जणू राजेसाहेब अजून आत बसले आहेत.

"काय होतंय नेमकं?" मी विचारलं.

"चालू व्हतं. दोन्ही इंजिनं झकास चालू व्हतात. थोडी गेली की तापतात, धूर काढतात, मग मीच बंद करतो. जळून गेली म्हणजे?"

ते ठीक केलं त्यांनी. इंजिन नदीचंच पाणी तळातून ओढून घेतं, अंगाभोवती फिरवतं आणि कुशीतल्या नळीतून परत नदीत टाकतं. ते पाणी फिरलं नाही की इंजिन तापतं. म्हणजे दुखणं पाण्याचं. मी मनात म्हटलं, उद्या दुपारपर्यंत मोकळा होतो.

घरी मामांच्या लेकीनं, इंदूनं, पाण्याचा तांब्या पुढे केला. हळद लागायला दोन दिवस होते. मामी चुलीपुढे होत्या, तिथूनच म्हणाल्या, "आला सवतीचा वैद्य!" सगळे हसले. इंदू हसली नाही. ओसरीवर मला एकटा गाठून म्हणाली, "दादा, खरं सांग. चालेल का?"

"चालेल गं."

"मधात बंद पडली नं, तर मले जन्मभर ऐकावं लागीन. आजेसासू तं आत्ताच म्हणते, मोटारीत बसणार नाही, माझ्या नातवाले बुडवता का. नाव ओढत आणली ना, तर त्या घरात माझं नावच 'ओढून आणलेली' पडीन. बाबांले मी सांगू नी शकत. तू सांग, जमत नसीन तं बैलगाड्याच आणा."

मी म्हटलं, एक दिवस दे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी नावेत. सोबतीला धोंडूकाका भोई. या काठावरचे जुने नावाडी. हाडं मोठी, बोलणं कमी. मामांनी लाँच आणल्यापासून तिची राखण त्यांच्याकडे. फळी उचलून मी तळाशी वाकलो आणि चकित झालो. जुन्या नावेच्या तळात थोडं तरी पाणी साचलेलं असतंच, आमच्या साहेबाच्या नव्या लाँचमध्येही असतं. इथे धूळ होती. कोरडी धूळ!

"काका, काय ठेवली आहे नाव!"

काका नुसते मिशीत हसले.

मी दोन्ही पंप खोलले. आतली चामडी वाळून पापडासारखी झाली होती. बुधवाऱ्यात जाऊन चांभाराकडून नवी कापून आणली, तेलात भिजवली, बसवली. तुम्हाला कधी जुनी दोन इंजिनांची नाव घ्यायची हौस आली तर एवढं ऐका: काम दुप्पट नाही, चौपट असतं. डावं दुरुस्त केलं की उजवं रुसतं, आणि दोघांचे नट सारखे नसतात. हात कोपरापर्यंत सोलले. पण मजा आली, खोटं का बोलू. मामा बाजूला बसून पितळ घासत होते आणि मधूनमधून विचारत होते, "बसलं का रे?" दुपारी मामींनी भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा पाठवला. सवतीसाठी नाही, भाच्यासाठी, असा निरोपही पाठवला.

संध्याकाळी इंजिनं चालू केली. कुशीतल्या नळीतून पाण्याचा थेंब नाही. परत तापली.

मामांचा चेहरा पडला. त्यांनी फेटा सोडून मांडीवर ठेवला. मला तेवढंच पुरे झालं.

लग्नाच्या आदल्या सकाळी मी ठरवलं, आता अगदी खालून सुरुवात करू. जिथून नदीचं पाणी नावेत शिरतं तिथे एक तोटी असते. तिच्यापासूनची नळी सोडवली. तोटी उघडली तर पाणी उसळून अंगावर येणार, म्हणून चिंध्यांचा बोळा हातात धरून बसलो. हळूच तोटी फिरवली. पूर्ण फिरवली.

काही नाही. नदीत उभी असलेली नाव आणि तिच्या पोटातल्या तोटीला पाणी नाही!

दुसरी उघडली. तीही कोरडी.

"काका," मी म्हटलं, "उन्हाळ्यात नाव काठावर ओढली होती तेव्हा खालून काय काय केलं?"

आता धोंडूकाका खुलले. "सगळं केलं. फटी कोरल्या, कापूस भरला, राळ नि जवसाचं तेल तापवून ओतलं, वरतून डांबर. एक फट सोडली नाही. आणि भाऊ, ज्यानं ही नाव बांधली ना, तो मोठा गाफील मानूस! खाली दोन भोकं तशीच इसरून गेला होता. अंगठ्याएवढी! मी म्हटलं, राजा बुडाला कसा नाही? ती पन बुजवली. डावीकडचं जरा मोठं होतं, त्याच्यावर पत्रा ठोकला, तांब्याच्या चुका मारून."

मी बघत राहिलो. मामा बघत राहिले. मग मामांना जे हसू फुटलं ते आवरेना, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला रागवायचं होतं, जमलं नाही. ज्या माणसानं जन्मभर डोंग्यात पाणी येऊ दिलं नाही, त्याला तळातलं भोक दिसल्यावर तो दुसरं काय करणार? त्यानं ते बुजवलं नसतं तर मीच म्हटलं असतं, हा कसला नावाडी.

काकांना समजावून सांगितलं तेव्हा मात्र त्यांचं तोंड उतरलं. "नाव पानी पेते?" एवढंच म्हणाले. मग लंगोट घट्ट केला, छिन्नी दातात धरली आणि थंड पाण्यात उडी टाकली. मार्गशीर्षातली तापी, आणि वय बघा त्यांचं. मी आतून तोटीत सळई घालून ठोकत होतो, ते बाहेरून कोरत होते. उजवीकडची राळ एकदाची निघाली. पाण्याची अशी चिळकांडी आली की माझ्या नाकातोंडात गेली, आणि मी ओरडलो, "आलं! आलं!" काठावर कपडे धुणाऱ्या बायका बघायला लागल्या.

डावीकडचा पत्रा निघेना. काका पुन्हा पुन्हा खाली गेले. वर येऊन काठाला धरून दम घेत म्हणाले, "माझाच हात माझ्या आडवा आला रे भाऊ. लई चांगला ठोकला गेला."

"बस काका. आता नाही जायचं खाली." त्यांचे ओठ निळे पडले होते.

एकाच तोटीचं पाणी दोन्ही इंजिनांना द्यावं तर रबरी नळी हवी. पूर्ण बाजार धुंडाळला, मिळाली नाही. (बुऱ्हाणपुरात जरीची तार हवी तितकी बारीक मिळेल, रबराची वस्तू मात्र येताना घेऊन या.) म्हणजे एकच इंजिन, उजवं. आणि उजव्या एकट्यावर नाव सरळ जात नाही, डावीकडे वळत राहते. सुकाणू किती दाबणार? म्हातारं सुकाणू, तेही ढिलं.

मामा म्हणाले, "मग गाड्याच सांगतो." आवाज असा की मला ऐकवेना.

तेव्हा धोंडूकाका, घोंगडी पांघरून बसलेले, म्हणाले, "कसाले गाड्या? डाव्या बाजूले मी आहे नं."

लग्नाच्या सकाळी राजघाटावर वरात आली. सनई, ताशा, नवरदेव घोड्यावरून उतरलेला, व्याहीबुवा कोऱ्या कोटात. नावेला केळीचे खुंट बांधले होते, आणि डाव्या कडेला दोरखंडानं बांधलेलं धोंडूकाकांचं लांब वल्हं. व्याहीबुवांनी ते पाहिलं. "यादवराव, मोटार आहे नं? मग हे कसाले?"

मामा काही बोलायच्या आत नवरदेवाची आजी पुढे झाली. नऊवारी, हातात काठी, नजर नावेवर. "ते वल्हं आहे का?"

"व्हय माय," काका म्हणाले.

"आणि तू धोंडू नं? तुझ्या बापाच्या डोंग्यातून मी नवरी होऊन आली होती." आजींनी काठी मुलाच्या हातात दिली. "आता बसते. आधी सांगितलं नाही का कुणी, की वल्हं आहे म्हणून?"

मी आत इंजिनापाशी बसलो. नावेनं घाट सोडला. उजवं इंजिन धडधडत होतं, वर काका वल्हं मारत होते, मामा सुकाणूला लटकले होते. मी एक हात इंजिनावर आणि एक डोळा कुशीतल्या नळीवर ठेवून होतो. धार पडत होती. मधोमध नाव डावीकडे झुकायला लागली. वरून काकांचं "हाऽ हाऽ" ऐकू आलं, वल्ह्याचे खोल फटके बसले, ती सावरली. नाव तिरकी जात होती, खेकड्यासारखी, पण जात होती. मागच्या डोंग्यातला ताशेवाला ताल सोडून नुसताच जोरात वाजवत होता.

जैनाबादच्या काठाला तळ घासला तेव्हा मी इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिलो. खिडकीतून इंदू दिसत नव्हती, नवरी कशी दिसणार. पण मामांच्या घराच्या माडीवरची खिडकी धाडकन उघडली, ती कुणी ते मी ओळखलं.

जेवणात वरण-बट्टी होती. तुपाची धार धरणारा हात मामींचा होता. मला वाढून झाल्यावर एका द्रोणात बट्टी कुस्करून त्यांनी बाजूला ठेवली. म्हटलं, हे कुणाला? "तुझ्या सवतमामीले," म्हणाल्या, आणि खरंच नदीकडे चालू पडल्या.

मग मी परत निघालो, त्याच वाटेनं. मामा स्टेशनापर्यंत आले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पत्रा काढू, तू ये, म्हणाले. धोंडूकाकांनी माझ्याकडून लाँचला आणखी कुठे कुठे भोकं असतात ते नीट विचारून घेतलं.

कराचीला परत येऊन आता बरेच दिवस झाले. परवा मामांचं पत्र आलं. इंदू माहेरी येऊन गेली, खुशीत आहे. एकच तक्रार आहे मामांची: आजेसासू बुधवाऱ्यात सगळ्यांना सांगते की आमची वरात धोंडूच्या वल्ह्याच्या नावेतून आली, मोटारीचं नावच काढत नाही.

आमच्या साहेबाच्या लाँचची दोन्ही इंजिनं चांगली आहेत. सकाळी चालू केली की मी कुशीतल्या धारेखाली हात धरतो. पाणी आधी गार लागतं, मग कोमट होतं. पूर्वी मी नुसतं बघून पुढे जायचो. आता जरा वेळ हात तसाच ठेवतो, मग डाव्या इंजिनाकडे वळतो.