प्रतिक्षाने लावलेल्या खुणा

मला लिहायची सवय नाही. काही चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण कन्हेरीच्या प्रतिक्षाबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि ती स्वतः काही लिहिणार नाही.

माझा नातू बुद्धभूषण, त्याची मुलगी दिशा. दीड महिन्याची असतानाच तिला साखरेचा आजार निघाला. दिवसातून चार वेळा इन्सुलिनची सुई. डॉक्टर माधवीबाई म्हणाल्या, इतक्या लहान बाळात कधी कधी एका जनुकातला दोष कारण असतो. तो निघाला तर बहुतेक सुई बंद होऊन गोळीवर भागेल. रक्त बारामतीच्या प्रयोगशाळेत गेलं. जनुकं वाचणारं सिक्वेन्सर मशीन तिथं एकच. दवाखाना, शेळ्यांवर काम करणारे आणि उसाचे संशोधक, सगळे तेच वापरतात. आमचा नंबर तीन महिन्यांनी होता.

मी सणसरहून तिथं गेलो, पण आत जाऊन विचारायचा धीर होईना. बाहेरच्या बाकावर बसून परत आलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मशीन चालवणारी मुलगी जेवणाचा डबा घेऊन बाहेर आली.

"तात्या, रोज बसून जाताय. काम काय हाय?"

ती प्रतिक्षा. मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मशीन लावलं की दोन दिवस चालतंच. दहा नमुने घाला न्हायतर शंभर. आन् आमी दहाच घालतो."

"मग सगळ्यांचे एकत्र घाला की."

"घातले होते गेल्या साली. कुणाचं काय तेच कळंना. तवापासून ज्याचं त्याचं वेगळं."

नमुना मशीनमध्ये घालण्याआधी त्याला एक रासायनिक खूण जोडतात, म्हणजे एकत्र घातले तरी कुणाचा कोणता ते नंतर ओळखता येतं. गेल्या साली शेळीवाल्यांनी एक नंबरच्या खुणेपासून सुरुवात केली होती, ऊसवाल्यांनीही एकपासूनच. हा घोळ शोधला प्रतिक्षाने. तिचं घर पूर्वी मेंढरं राखणारं. चार घरांचा कळप एकत्र चरायला निघायचा, तेव्हा कुणी कोणता रंग लावायचा हे तिची आजी साखरबाई आधी ठरवून द्यायची. मनाने कुणी रंग लावत नसे.

"आमच्या हितं साखरबाईच न्हवती," ती हसून म्हणाली.

तिने सगळ्या खुणा आपल्या कपाटात ठेवल्या आणि ज्याच्या त्याला नंबर वाटून दिले. मग सगळ्यांचे नमुने पुन्हा एकत्र घालायचे का, यावर बैठक झाली. तिथं माधवीबाई म्हणाल्या, "माझ्या पेशंटचं रक्त उसाच्या पानांबरोबर घालायचं?"

ऊसवाला सिद्धू म्हणाला, "मॅडम, भिऊ नका. उसाला साखर हायच की आधीपासून."

बाईसुद्धा हसल्या म्हणे. तरी त्यांनी अट घातलीच. ज्यांची उत्तरं फक्त त्यांना माहीत आहेत असे सहा नमुने त्या मुद्दाम देणार. त्यातला एकही चुकला, तर पुन्हा जुनी पद्धत. मग दिशाही पुन्हा रांगेत.

मशीन चाललं ते दोन दिवस आणि उत्तर येईपर्यंतचे पुढचे पाच दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. दिशाच्या मांडीवर सुई टोचायला नवी जागा राहिली नव्हती.

सहाच्या सहा बरोबर आले. दिशाच्या रक्तात तोच दोष निघाला, गोळी लागू पडणारा. दवाखान्यात आठ दिवस ठेवून डॉक्टरांनी हळूहळू सुई बंद केली. आता गोळी कुटून पाण्यातून देतो. आणि तीन महिन्यांची रांग पंधरा दिवसांवर आली आहे.

मागच्या आठवड्यात दिशाला घेऊन मी त्याच बाकावर जाऊन बसलो. काय बोलायचं ते एसटीत ठरवून ठेवलं होतं. प्रतिक्षा बाहेर आली आणि मी सगळं विसरलो. नुसतं बाळाचं झबलं वर करून मांडी दाखवली. एकही डाग नव्हता.

तिने बाळाला उचललं. "आली व्हय माझी एक्केचाळीस नंबर!"

तिने दिशाच्या रक्ताला लावलेली खूण एक्केचाळीसची होती. घरी आता आम्हीही तिला त्याच नावाने हाक मारतो, आणि ती वळून बघते.