रामाच्या नावाचं ताट

मैनाच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, पण नवऱ्याबरोबरचा संसार म्हणाल तर गणपतीचे आणि शिमग्याचे दिवस जोडून होईल तेवढाच. रामा मुंबईत फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन. दिवसभर लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं, आणि आपण मात्र त्याच स्टुलावर बसून राहायचं. मैना इकडे रत्नागिरीच्या आत, डोंगरापलीकडच्या वाडीत. थोडी भातशेती, पाच-सहा कोंबड्या आणि बारावीतली मुलगी निशिगंधा, एवढा तिचा पसारा.

वाडीची रीतच अशी की चाकरमानी घरी आला की तो पाहुणा. नवी गोधडी त्याला, माशाची तुकडी त्याला, बायकोपोरांना नुसतं कालवण. मैनाच्या चुलीवरच्या फळीवर रामाच्या नावाचं ताट होतं. लग्नात तिच्या भावानं दिलेलं, स्टीलचं, मधोमध रामाचं नाव घातलेलं. तो आला की ते खाली उतरायचं. तो गेला की राखेनं घासून, फडक्यात बांधून पुन्हा वर. मायलेकी जेवायच्या त्या जर्मनच्या ताटांत. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, आणि जर्मनच्या ताटाला पोचे पडलेले नसतील तर ते ताट आमच्याकडचं नव्हे.

त्या साली टाळेबंदी लागली, फोर्टातली इमारत बंद झाली आणि रामा मे महिन्यात कुणाकुणाच्या पाया पडून टेंपोतून गावी आला. आधी शाळेच्या वर्गात वेगळा ठेवला होता. मैना रोज फाटकाशी डबा ठेवून लांब उभी राहायची. नवरा आणि बायको, मध्ये शाळेचं अख्खं मैदान. तोंडं दोघांची बांधलेली, बोलणार काय कपाळ!

घरी आल्यावर तर आणखीच पंचाईत झाली. त्याला घरात बसायला जागाच सापडेना. पहाटे उठून दाढी करायचा, पँटला पट्टा लावायचा आणि ओटीवर येऊन बसायचा, जणू आता कुणीतरी घंटी दाबणार आहे. स्वयंपाकघरात यायचं तर दाराशी खाकरायचा. मैनाला आधी हसू यायचं, मग वाईट वाटायचं. स्वतःच्या घरात खाकरून येणारा माणूस तिचा नवरा होता.

ती पाहुणचार करत राहिली. तिला वाटलं, पंधरवडाभर राहील आणि जाईल, नेहमीसारखा. मिरकरवाड्याच्या बंदरातून येणारा मासळीचा टेंपो बंद होता, म्हणून पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले बोंबील आणि सुकट तिनं काढली. मग कोंबड्या एकेक करून गेल्या, अंड्यावर बसलेली एक तेवढी राहिली. आणि आषाढात एका संध्याकाळी घरात कुळथाच्या पिठीशिवाय काही उरलं नाही.

त्या चकचकीत ताटात भात आणि पिठी वाढायची तिला लाज वाटली. तिनं ताट पुन्हा फडक्यात बांधून वर ठेवलं आणि जर्मनच्या ताटात वाढून त्याच्यापुढे सरकवलं. वर बघायचा धीर तिला झाला नाही.

रामानं भुरके मारत सगळं संपवलं. पुन्हा भात मागून घेतला. आणि जेवण झाल्यावर उठला तो ताट उचलून मागच्या दारी गेला आणि स्वतः घासायला बसला.

“अवो, ठेवा ता!” मैना ओरडली.

“कशाला? मी काय पावना हाय?”

दुसऱ्या दिवशी पट्टा खुंटीला लागला. रामा लुंगी खोचून चिखलात उतरला. लावणी विसरलेला; रोपं अशी वाकडी लावली की वाडीतल्या बायका बांधावर हसून लोळल्या. घरी तिघं मिळून फणसाच्या आठळ्या सोलायची, पत्ते खेळायची. निशिगंधा बापाला फसवून जिंकायची. काम थोडं आणि दिवस लांबलचक, कुणालाच कुठं जायचं नव्हतं. बाहेर माणसं मरत होती, रोज कानावर यायचं, आणि मैनाला मात्र तिच्या आयुष्यातलं सुख आत्ता मिळत होतं. त्याची तिला भीतीच वाटायची.

“आता नाय जायाचा मी,” एकदा रामा बोलला. ती आठळ्या सोलत राहिली. बोललं की दृष्ट लागते.

गणपती गेले आणि एका सकाळी खुंटीवर पट्टा नव्हता.

“इमारत उघडतंय,” रामा म्हणाला. “म्यानेजरचा फोन व्हता. येतंस, नायतर दुसरा ठेवतो, बोल्ला. मी अजून व्हय म्हटलेला नाय.” आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

मैनाच्या तोंडाशी आलं होतं. पण चाकरमान्याच्या बायकोला एक गोष्ट सासू पहिल्याच वर्षी शिकवते: निघालेल्याला अडवू नये, अपशकुन होतो. वीस वर्षं तिनं हे पाळलं होतं. शिवाय रोगराईचे दिवस, आपल्या जिभेनं काही ओढवलं तर?

“तुमी ठरवाल ता,” ती म्हणाली.

दिवसभर तो तिच्या मागंमागंच घोटाळला. मागच्या दारी आला, विहिरीशी आला. तिला कळत का नव्हतं? पण ती कामाला जुंपून घेत राहिली. संध्याकाळी तिनं ती उरलेली कोंबडी कापली. निघायच्या आधी माणसाला बरं खाऊ घालावं, इतकंच तिच्या मनात. हात आपसूक फळीवर गेला.

रामा पाटावर येऊन बसला आणि ताटाकडे बघतच राहिला. रश्श्याखालून त्याचं नाव दिसत होतं.

“ह्या कवा काढलास?”

तिनं भात पुढे सरकवला.

“मी सकाळधरनं वाट बघतंय गो,” तो हळूच म्हणाला. “ऱ्हावा म्हनशील म्हनून.”

मैनाचा हात कालवणाच्या डावावर तसाच थांबला. एक शब्द. एवढाच तर बोलायचा होता. निशिगंधा एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती.

“गरम हाय तवर जेवा,” मैना म्हणाली.

तो जेवला. मान खाली घालून, सगळं संपवून. मग हात धुतले, टॉवेलला पुसले आणि ओटीवर जाऊन बसला.

ताट त्यानं उचललं नाही.