मॅडमच्या हातावरचं दही

कुवेतमधल्या रुमैथिया भागातल्या त्या घरात मी चार वर्षं स्वयंपाक केला. मॅडम तुर्कस्तानच्या वकिलातीत मोठ्या हुद्द्यावर होत्या. आधी दिल्लीत नोकरी झाल्यामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी येई. माझं त्याहून मोडकं. त्या एकट्याच राहत, ताट बाजूला सारून फायली वाचत बसत.

पहिल्याच महिन्यात त्या एका मोठ्या बैठकीला निघाल्या, तेव्हा मी न विचारताच त्यांच्या तळहातावर चमचाभर दही घातलं. चौथीच्या परीक्षेला आईने मला असंच दिलं होतं. त्या हसल्या आणि खाऊन गेल्या. काम झालं. पुढे प्रत्येक बैठकीआधी त्या दारात स्वतःहून हात पुढे करू लागल्या.

चौथ्या वर्षी राजदूत म्हणून त्यांचं नाव पुढे गेलं. उभी नोकरी याचीच वाट पाहिली, असं त्या मला म्हणाल्या. जायचं होतं तो देश लांबचा होता, थंडीचा. माझा अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्यांच्या नावावर. त्या गेल्या की मलाही कुवेत सोडावं लागणार होतं, आणि गावी मुलीचं नर्सिंगचं एक वर्ष बाकी होतं. ‘मलाही न्या’ एवढं मी हिंदीत जुळवून ठेवलं होतं.

मंत्र्यांना भेटायला त्या अंकाराला निघाल्या, त्या सकाळी ड्रायव्हर स्वयंपाकघरात डोकावला. देवगडकडचा होता.

“मावशी, आज दही नको देऊस. मॅडम राजदूत झाल्या तर तू घरी.”

“गप रे.”

“मग बोल ना त्यांच्याशी. मी बोलू?”

“नको.”

वाटी हातात घेऊन मी दाराशी गेले. मॅडमचा हात पुढे होता. मी दही घातलं. वाक्य तोंडातच राहिलं.

त्या राजदूत झाल्या. तिथे सरकारच स्वयंपाकी देतं, हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं. मी “जी” म्हणाले.

जायच्या दिवशी त्यांनी पाण्याने भरलेला जग माझ्या हातात दिला. “आमच्यात निघालेल्याच्या मागे पाणी ओततात. तो पाण्यासारखा सुखरूप जातो, परत येतो. माझी आई ओतायची. आता तू ओत.”

आमच्याकडे मयत घराबाहेर नेलं की मागे पाणी टाकतात. हे हिंदीत कसं सांगायचं? गाडी सुटली. त्यांनी काच खाली करून मागे पाहिलं, हसत. मी दोन्ही हातांनी जग घट्ट धरून उभी होते. कोपऱ्यापर्यंत त्या बघत राहिल्या. मग काच वर गेली.

मी रागावले, असंच त्यांना वाटलं असणार. आठवड्याभरात मीही विमानात बसले. तो भरलेला जग मी ओट्यावर तसाच ठेवून आले.