मांडीवरची गिटार

नेरपासून केळापूरपर्यंत सर्वांत जास्त नवरी मुली रडवल्या त्या माझ्या थोरल्या मामानं, आणि हे मी त्याच्या कौतुकासाठीच सांगतो आहे. छप्पन साली नागपूरच्या जुन्या बाजारातून तो गिटार घेऊन आला, तेव्हा ही काय चीज आहे हे नेरात कोणालाच ठाऊक नव्हतं. लाल कापडात गुंडाळलेलं ते धूड बैलगाडीतून उतरताना चार बायांनी देवाची मूर्ती समजून त्यावर कुंकू वाहिलं. मामानं ते कुंकू कधीच पुसलं नाही.

मामाची गिटार आडवी, मांडीवर निजवून वाजवायची. उजव्या हातानं तार छेडायची आणि डाव्या हातानं तारांवरून गुळगुळीत लोखंडी कांडी फिरवायची. कांडीही त्यानं, तो फिटर होता त्या कापसाच्या जिनिंगमधल्या मोडक्या यंत्रातून काढलेली. पाहणाऱ्याला वाटायचं, माणूस कपड्याला इस्त्री करतोय. एकानं तर धोतरच आणून दिलं. म्हणाला, "हात चालूनच राह्यला तं हेबी फिरवून घ्या."

"ठेव," मामा म्हणाला. "पण नेसल्यावर पाय थिरकले तं माह्याकडं येऊ नको."

भर दुपारी तो वावरात रियाज करी. त्या वर्षी आमचा कापूस आठ दिवस आधी फुटला तो गिटारीमुळेच, असं तो शपथेवर सांगायचा, आणि शेजारच्या वावरातला का नाही फुटला म्हणून विचारलं, तर म्हणे, "त्याले कान नाही."

गावच्या भजनी मंडळात बसायची त्याला फार हौस. पण मंडळाचे बुवा म्हणाले, "निजलेलं वाद्य देवापुढं चालत नाही. आधी उठवून बसवा."

"तुमचा मृदंगबी आडवाच असते, बुवा," मामा म्हणाला. झालं. आसपासच्या एकाही मंडळानं त्याला दारात उभं केलं नाही. मामानंही भर चौकात सांगून टाकलं, की मरायच्या आत ही गिटार एका तरी मांडवात मानानं वाजेल.

तो मांडव मिळाला बंजारा तांड्यात. तांड्याच्या नायकाचा कापूस जिनिंगला यायचा, त्यानं मामाला मुलीच्या लग्नात बोलावलं. त्यांच्यात सासरी निघताना मुलगी ढावलो गाते. एकेकाच्या गळ्यात पडून, सूर लांबवत, रडत. ती थांबली की वरात हलते. कांडी तारेवरून घसरली की मामाची गिटारही हुबेहूब तशीच रडायची. आता मामाचा नियम असा, की गाणारा थांबल्याशिवाय साथ थांबवायची नाही. आणि मुलीची समजूत अशी, की वाद्य चालू असेपर्यंत आपण थांबायचं नाही. मग काय विचारता. ती बापाच्या गळ्यात पडली, मावशांच्या पडली, साऱ्या तांड्याच्या पडली, माणसं संपली तेव्हा गोठ्यातल्या गायींच्या पडली. ऊन डोक्यावर आलं. वऱ्हाड्यांचे फेटे सुटले.

शेवटी नवऱ्याचा बाप उठला. "ओ मास्तर, बंद करा थे. आमी काय इथंच घरं बांधाव?"

हे लग्न बिघडलं तर पुन्हा कोणी आपल्याला बोलावणार नाही, हे मामाला पक्कं कळत होतं. कांडी न उचलता तो म्हणाला, "पोरगी गाते तोवर मी वाजवतो. वरात तुमची हाये, घर तिचं हाये."

नायकाची म्हातारी आई काठी टेकत आली आणि मामाच्या बाजूला सतरंजीवर बसली. "वाजव रे बापू," ती म्हणाली. "आमच्या वक्ती आमाले एवढा टाइम कोणी देल्लाच नाही."

त्यावर नवऱ्याचा बाप खाली बसला. मुलीनं पोटभर गाऊन घेतलं, डोळे पुसले आणि आपल्या पायांनी गाडीत जाऊन बसली.

पुढं साठ-बासष्टपर्यंत तांड्यातांड्यांतून मुली आधीच सांगून ठेवू लागल्या, की गिटारवाला मामा पाहिजे. मग बुवांचाही निरोप आला, मंडळात या. मामानं उलटा निरोप धाडला, "आता कायले? पोरी वाट पाहून राह्यल्या."

मंडळात तो शेवटपर्यंत बसला नाही. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. माझ्या मुलीच्या लग्नात मोटार दारातच उभी होती, पाच मिनिटांत निघालीसुद्धा. तिला आणखी कोणाच्या गळ्यात पडायचं होतं की काय, ते विचारायचं राहूनच गेलं.